हंड्यांची रांग आणि फुटलेला शंख

२०१३च्या उन्हाळ्यात घाणेवाडीचा तलाव आटला आणि नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत भांड्यांची रांग रोजचीच झाली. टँकर कधी येईल याचा नेम नसे. पहाटे चारलाच कुणीतरी पहिला हंडा नेऊन ठेवी, मग त्यामागे कळशा, घागरी, तेलाचे डबे, प्लास्टिकचे ड्रम लागत जात. माणसं तिथे थांबत नसत. बाया घरी जाऊन भाकरी थापत, पुरुष मोंढ्यात कामाला जात, पोरं खेळायला पांगत. रांगेत उभा असे तो रिकामा हंडा, आणि त्याच्या जागेला कुणी धक्का लावत नसे. त्याच्यावर पहारा नव्हता, नियम कुठे लिहिलेला नव्हता. सगळ्यांनी मानलं होतं, एवढंच त्याचं बळ.

त्याच दिवसांत मी विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ पुन्हा वाचायला घेतली. निर्मनुष्य बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांची ही कादंबरी. त्या मुलांना समुद्रकाठी एक शंख सापडतो आणि ती ठरवतात, की शंख ज्याच्या हातात त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तो शंख आणि आमच्या गल्लीतला हंडा एकाच जातीचे आहेत, हे तेव्हा प्रथम लक्षात आलं. दोन्ही आतून पोकळ, आणि दोन्ही सगळ्यांच्या विश्वासानं भरलेले. कादंबरीतला शंख अखेर फुटतो. आमची रांग मात्र, एक दुपार सोडली तर, टिकली. असं का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे. मोठी माणसं, घर, शाळा, पोलीस हे सगळं बाजूला झालं तर माणसात काय उरतं? गेली सत्तर वर्षं समीक्षक, मानसशास्त्रज्ञ, इतिहासकार या प्रश्नाशी झगडत आहेत. त्या उत्तरांचा हा आढावा. त्यात मराठी साहित्यानं आणि सिनेमानं दिलेली उत्तरंही घेतली आहेत, कारण आपल्याकडे ती एकत्र क्वचितच मांडली जातात.

युद्धातून परतलेला शिक्षक

गोल्डिंग इंग्लंडमधल्या सॉल्सबरी इथल्या बिशप वर्ड्‌सवर्थ शाळेत शिकवत असे. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलात होता आणि १९४४मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरलं तेव्हा रॉकेट डागणाऱ्या नौकेवर हजर होता. सुसंस्कृत म्हणवणाऱ्या राष्ट्रांनी काय केलं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं. मग तो वर्गात परतला आणि पुन्हा दहा-बारा वर्षांच्या मुलांसमोर उभा राहिला. या दोन अनुभवांच्या सांध्यावर ही कादंबरी उभी आहे.

तिसरा धागा पुस्तकांतला. आर. एम. बॅलंटाइन यांची ‘द कोरल आयलंड’ ही १८५७च्या सुमाराची किशोरकादंबरी इंग्रज घराघरांत वाचली जाई. तिच्यात राल्फ, जॅक आणि पीटरकिन ही तीन मुलं बेटावर अडकतात. ती शूर आहेत, नीतिमान आहेत, हसतमुख आहेत. वाईटपणा बाहेरून येतो, तो चाच्यांचा आणि तिथल्या ‘रानटी’ लोकांचा. खरी मुलं अशी वागत नाहीत, हे शिक्षक गोल्डिंगला रोज दिसत होतं. त्यानं राल्फ आणि जॅक ही नावं तशीच उचलली आणि गोष्ट उलटी केली.

हस्तलिखिताचं मूळ नाव ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम विदिन’ होतं, म्हणजे आतूनच आलेले परके. अनेक प्रकाशकांनी ते परत पाठवलं. फेबर अँड फेबरच्या वाचकानंही नकाराचा शेरा मारला होता. पण चार्ल्स मॉन्टिथ या नव्यानंच रुजू झालेल्या संपादकानं ते पुढे वाचलं, सुरुवातीचा युद्धाचा भाग काढायला लावला आणि पुस्तकाच्या मागे उभा राहिला. १७ सप्टेंबर १९५४ रोजी ते निघालं. अमेरिकेत आधी फारसं खपलं नाही. १९५९मध्ये स्वस्त आवृत्ती आल्यावर कॉलेजच्या मुलांनी ते उचलून धरलं. १९६३मध्ये पीटर ब्रूकनं त्यावर चित्रपट काढला, १९८३मध्ये गोल्डिंगला नोबेल मिळालं. आज कोट्यवधी मुलं ही गोष्ट अभ्यासक्रमात वाचतात, म्हणूनच तिच्यातून काय शिकवलं जातं याची काळजी घ्यायला हवी.

बेटावर काय घडतं

अणुयुद्ध सुरू असताना मुलांना सुरक्षित जागी नेणारं विमान पाडलं जातं आणि मुलं बेटावर उरतात. राल्फ निवडून येतो. पिगी हा दमेकरी, जाड चष्म्याचा, सगळ्यांत शहाणा मुलगा त्याचा सल्लागार होतो. गायनवृंदाचा म्होरक्या जॅक मेरिड्यू शिकारीची टोळी बांधतो. डोंगरावर धुराची आग पेटती ठेवायची, म्हणजे जहाजाला दिसेल, असं ठरतं. पण शिकारीच्या नादात आग विझते आणि नेमकं तेव्हाच एक जहाज क्षितिजावरून निघून जातं. लहानग्यांना श्वापदाची स्वप्नं पडू लागतात. आकाशातल्या लढाईत मेलेला एक हवाई सैनिक पॅराशूटसह डोंगरावर अडकतो आणि त्यालाच मुलं श्वापद समजतात. श्वापद बाहेर नाही, आपल्यातच आहे, हे एकट्या सायमनला उमगतं. ते सांगायला तो वादळी रात्री धावत येतो तेव्हा नाचात बेभान झालेली मुलं त्यालाच श्वापद समजून मारतात. पुढे जॅकच्या टोळीतला रॉजर कड्यावरून शिळा लोटतो. पिगी मरतो, शंखाचे तुकडे होतात. राल्फची शिकार सुरू होते. त्याला बाहेर काढायला लावलेल्या वणव्याचा धूर पाहूनच एक नौदल अधिकारी येतो आणि मुलं वाचतात.

या कथानकातल्या दोन बारकाव्यांकडे मी वाचकांचं लक्ष मुद्दाम वेधतो, कारण सगळा आढावा शेवटी त्यांच्याशीच येऊन थांबणार आहे.

पहिला रॉजरच्या दगडांचा. कादंबरीच्या पूर्वार्धात रॉजर एका छोट्या मुलाच्या दिशेनं दगड फेकतो, पण ते मुद्दाम चुकवतो. त्या मुलाभोवती न दिसणारं एक वर्तुळ आहे आणि त्याच्या आत दगड टाकायला रॉजरचा हात धजत नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा तिथे कुणीच नाही. तरी ते त्याच्या दंडात शिल्लक आहेत. पुढे तोच रॉजर शिळा लोटतो. वर्तुळ एका रात्रीत पुसलं गेलेलं नाही. आधी चेहऱ्याला रंग फासला गेला, मग घोळक्याचा नाच आला, मग एक खून पचला, तेव्हा ते पुसलं गेलं.

दुसरा बारकावा सायमनच्या मृत्यूचा. त्या नाचात राल्फ आणि पिगीही आहेत. कडेला का होईना, पण आहेत. दुसऱ्या दिवशी पिगी स्वतःला समजावत राहतो, की तो अपघात होता, आम्ही लांब होतो. वर्गात शिकवताना मुलं जॅक वाईट, राल्फ चांगला अशी वाटणी करून मोकळी होतात आणि हे पान कुणाच्याच लक्षात राहत नाही.

अर्थ लावणारे

या कादंबरीचं पहिलं मोठं वाचन धार्मिक आहे. नावातला ‘माश्यांचा स्वामी’ म्हणजे बायबलमधला बेल्झेबब, सैतानाचंच एक नाव. डुकराचं मुंडकं काठीवर खोचलेलं, त्यावर माश्या घोंघावताहेत. आदिपापाच्या ख्रिस्ती कल्पनेत हे चित्र चपखल बसतं: माणूस जन्मतःच पतित आहे, सायमन हा संत आहे, आणि संताला लोक मारतात.

दुसरं वाचन राजकीय. शंख म्हणजे लोकसभा, राल्फ म्हणजे निवडून आलेला पण भाषणात अडखळणारा पुढारी, जॅक म्हणजे भीती पेरून मांस वाटणारा हुकूमशहा. पुस्तक हिटलरच्या पराभवानंतर नऊ वर्षांनी आलं, त्यामुळे हा अर्थ वाचकांना आपसूक सुचला. जॅक भीती आणि भूक या दोन्हींची सोय करतो, म्हणून मुलं त्याच्याकडे जातात. राल्फ मागतो ते कष्ट: आग राखा, झोपड्या बांधा, सभेला या. हे निरीक्षण आजही एवढं अचूक आहे, की कादंबरी जुनी वाटत नाही.

तिसरं वाचन फ्रॉइडच्या वाटेनं गेलेलं. त्यात पिगी विवेकाचा, जॅक आदिम वासनेचा आणि राल्फ दोहोंत ओढला जाणाऱ्या अहंचा प्रतिनिधी. साठच्या दशकात या वाचनाचं बरंच पीक आलं. माझ्या मते ते सगळ्यांत कमी देतं. पात्रांना खुंट्या समजून त्यांवर संज्ञा टांगल्या, की रॉजरचा हात का थांबला आणि का सुटला हे सांगायचं राहूनच जातं.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९६२च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिताना पिगीची बाजू घेतली, आणि हा आवाज महत्त्वाचा आहे. पिगीला कादंबरीभर खरं नाव मिळत नाही. त्याची बोली खालच्या वर्गाची, त्याचं शरीर हसण्याचा विषय. शंख फुंकून सगळ्यांना बोलावण्याची कल्पना त्याचीच, आणि पुढे ठरलेल्या शंखाच्या नियमाचा सगळ्यांत कमी फायदा त्यालाच मिळतो. शंख हातात असतानाही त्याला गप्प बसवलं जातं. म्हणजे बेटावरची लोकशाही जॅकनं मोडण्याआधीच, पहिल्या दिवसापासून एका मुलापुरती मोडलेली होती.

चौथं वाचन वसाहतींच्या अनुभवातून आलेलं आहे आणि आपल्याला ते सगळ्यांत जवळचं. आपण इंग्रज आहोत, म्हणून आपण नियम पाळू, असं जॅक सुरुवातीला छाती फुगवून सांगतो. गोल्डिंग ती घमेंड मोडून काढतो, हे त्याचं मोठेपण. पण मुलं बिघडली हे दाखवायला तो त्यांच्या अंगावर रंग फासतो, हातात भाले देतो, त्यांना नाचायला लावतो. आदिवासी समाजाचं गोऱ्यांनी रंगवलेलं चित्र तो अधोगतीची खूण म्हणून वापरतो. स्टेफन हॉलिन या समीक्षकानं १९९५मध्ये हा आक्षेप नेमका मांडला: साम्राज्य मावळत असताना आलेली ही कादंबरी साम्राज्याची जुनी भीतीच परत सांगते.

मुलं पिगीच्या चष्म्यानं आग पेटवतात, ही चूकही नोंदवायला हवी. त्याला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याची भिंगं अंतर्गोल. अंतर्गोल भिंग किरण फाकवतं. त्यानं आग पेटत नाही. ही क्षुल्लक बाब नव्हे. गोल्डिंग बोधकथा लिहीत होता, तिच्या गरजेपुरती वस्तुस्थिती वाकवत होता. मग मुलांच्या स्वभावाबद्दल ही कादंबरी साक्ष देते असं मानताना आपणही थांबलं पाहिजे. माणूस असाच असतो, याचा ती पुरावा नाही. माणूस असा होऊ शकतो, याची ती आठवण आहे.

वास्तवातली बेटं

मग पुरावा कुठे आहे? जून १९६५मध्ये टोंगा देशातली सहा मुलं वसतिगृहाला कंटाळून एक नाव घेऊन पळाली. वादळात शीड आणि सुकाणू गेलं, आठ दिवस वाहत ती अता या ओसाड बेटाला लागली आणि तिथे पंधरा महिने राहिली. सप्टेंबर १९६६मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाला ती सापडली, तेव्हा सगळी धडधाकट होती. त्यांनी कामांच्या पाळ्या लावल्या होत्या, आग विझू दिली नव्हती, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना केली होती. भांडण झालं, की भांडणाऱ्या दोघांनी बेटाच्या दोन बाजूंना जायचं आणि डोकं शांत झाल्यावर परतायचं, असा त्यांचा रिवाज होता. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधला आणि त्याच्या वाटचं काम केलं. रुटगर ब्रेगमन या डच लेखकानं २०२०मध्ये ही हकीकत जगापुढे नव्यानं आणली आणि अनेकांनी गोल्डिंग खोटा ठरला असं जाहीर केलं.

इतकी घाई करू नये. ती सहा मुलं एका शाळेची, एका श्रद्धेची, आधीपासूनची दोस्त होती. गोल्डिंगची मुलं बरीचशी एकमेकांना अनोळखी, वयानं लहान, संख्येनं अधिक, आणि युद्धाच्या सावलीतली. या हकीकतीतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. अता बेट मुळात ओसाड नव्हतं. १८६३मध्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजानं तिथली माणसं पळवून नेली आणि उरलेल्यांना टोंगाच्या राजानं दुसऱ्या बेटावर हलवलं. त्या गेलेल्या वस्तीच्या मागे राहिलेल्या केळी आणि रानात पांगलेल्या कोंबड्या, यांवर ही मुलं जगली. त्या बेटावर क्रौर्य झालं होतं. ते जहाज, कप्तान आणि हिशेबाच्या वह्या असलेल्या मोठ्या माणसांनी केलं होतं.

दुसरा दाखला कादंबरीच्याच वर्षातला. १९५४च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह इथे अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचं शिबिर भरवलं. दोन तट पाडले, त्यांच्यात चुरशीच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत शिव्या, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर हल्ले सुरू झाले. मग शिबिराचं पाणी बंद पाडण्यात आलं. टाकीचा बिघाड शोधायला दोन्ही तटांना एकत्र यावं लागलं आणि अशा काही सामाईक कामांनंतर वैर निवळलं. या प्रयोगाची दुसरी बाजूही पुढे आली आहे. आदल्या वर्षी, १९५३मध्ये, शेरीफनं असाच घाट घातला होता, पण ती मुलं आधीच एकमेकांची मित्र झाली होती. मोठी माणसं आपल्याला भांडायला लावताहेत, असा त्यांना संशय आला आणि प्रयोग फसला. म्हणजे तट पाडणारे मोठेच होते, आणि ओळख झालेली मुलं तटांत विभागली जात नाहीत.

मराठीतलं बेट

मराठीत ही कादंबरी आणली ती जी. ए. कुलकर्णींनी. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी.एं.नी अनुवादासाठी पुस्तकं फार विचारानं निवडली. याच जी.एं.नी कॉनराड रिक्टर यांच्या ‘द लाइट इन द फॉरेस्ट’चा ‘रानातील प्रकाश’ हा अनुवाद केला. हे मूळ पुस्तक १९५३चं, म्हणजे गोल्डिंगच्या एक वर्ष आधीचं. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत अशी माझी शिफारस आहे.

रिक्टरच्या कादंबरीतला गोरा मुलगा चार वर्षांचा असताना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या हाती लागतो, त्यांच्यात वाढतो, त्यांचाच होतो. पंधराव्या वर्षी तहाच्या अटीनुसार त्याला जन्मदात्यांकडे परत पाठवलं जातं. तिथे घर आहे, बूट आहेत, देऊळ आहे. आणि मूळ रहिवाशांची, त्यांच्या मुलाबाळांचीही कत्तल केल्याची फुशारकी मारणारी माणसं आहेत. तो पळून जाऊन परत रानात जातो. पण तिकडच्यांनी एका नावेतल्या गोऱ्यांना फसवून किनाऱ्याला आणण्याचं काम सोपवलं, तेव्हा नावेतलं लहान मूल पाहून तो ओरडून सावध करतो. मग दोन्हीकडचे त्याला टाकतात. गोल्डिंगनं सुसंस्कृत मुलं रानटी होताना दाखवली. संस्कृती आणि रानटीपणा यांची सीमा गाव आणि रान यांच्यातून जातच नाही, हे रिक्टरनं दाखवलं. एकाच अनुवादकानं दोन्ही मराठीत आणली, याला मी योगायोग मानत नाही.

इथे आपल्या भाषेची एक खूण सांगितली पाहिजे. ‘रानटी’ हा शब्द ‘रान’वरून आला. पण मराठवाड्यात रान म्हणजे जंगल एवढंच नव्हे. आमच्याकडे बाप रानात गेलाय म्हणजे तो शेतात गेलाय. रान म्हणजे नांगरट, मोसंबीची बाग, कापसाची वेचणी, दुपारची भाकर. ज्यांचं पोट रानावर चालतं त्यांच्या तोंडी रान हा शिव्यांतला शब्द नाही. ‘रानटी’ ही शिवी रान सोडून गेलेल्यांनी मागे राहिलेल्यांना दिली. आणि ती नुसती तोंडी राहिली नाही. १८७१च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२मध्ये तो कायदा गेला, त्या विमुक्त झाल्या, पण गावाची नजर बदलली नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटात ती नजर दिसते. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्या या मुलाच्या घराला गावातली डुकरं धरायचं काम करावं लागतं. चित्रपटाच्या अखेरीस सगळं कुटुंब डुकरामागे धावतं आणि शाळेतली मुलं, गावातली माणसं काठावर बसून हसतात, डिवचतात, मोबाइलवर फोटो काढतात. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, बापही थांबतो, डुक्कर निसटतं. नियम पाळला गेला, आणि पाळला तो हिणवल्या गेलेल्यांनी. गोल्डिंगच्या बेटावर शिकार आहे, डुक्कर आहे, घोळका आहे, हसणं आहे, शेवटी दगड आहे. ‘फँड्री’मध्येही तेवढंच आहे. फरक एवढाच, की इथे मोठी माणसं हजर आहेत, शाळा भरलेली आहे, गाव जागेवर आहे. रॉजरच्या डोळ्यांपुढचं ते वर्तुळ जब्याभोवती कुणी कधी आखलंच नव्हतं.

विजय तेंडुलकरांनी याच्या कितीतरी आधी, साठच्या दशकात, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ लिहून सुशिक्षितांचं बेट दाखवलं होतं. हौशी नाटकमंडळी एका गावात प्रयोगाला येतात. वेळ काढायला लुटुपुटीचा खटला मांडतात आणि लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात. हळूहळू खेळ खरा होतो. बेणारे निघू पाहते तर दार उघडत नाही. इथे रंग फासलेले चेहरे नाहीत. इथे शपथ आहे, साक्षीदार आहेत, न्यायाची भाषा आहे. शंख न फोडता, उलट तो फुंकत फुंकतच शिकार होते. प्रयोगाची वेळ होते, दार उघडतं, आणि मंडळी काही झालंच नाही, तो खेळ होता, अशा सहजतेनं उठतात. गोल्डिंगचा नौदल अधिकारीही मुलांकडे पाहून आधी हेच समजतो, की पोरं खेळत आहेत. दोन्ही लेखकांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही, तरी दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं आहे: खेळ या शब्दाआड बराच रक्तपात झाकला जातो.

घरचा शत्रू

श्वापद आपल्या आतच आहे, या सायमनच्या शोधानं युरोपातला वाचक हादरला. जालना जिल्ह्यातल्या वाचकाला ती बातमी नवी नसावी. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ लिहिले ते याच शत्रूंबद्दल. आपण त्यांना षड्रिपू म्हणतो. रिपू म्हणजे शत्रू, आणि ते सहाही घरातले. गोल्डिंगच्या पहिल्या शीर्षकातले ‘आतूनच आलेले परके’ ते हेच.

फरक आहे तो पुढच्या पावलात. समर्थ मनाला सज्जन म्हणून हाक मारतात आणि मग दोनशे पाच श्लोक त्याच्याशी बोलत राहतात. जे ऐकेल असा विश्वास असतो त्याच्याशीच माणूस एवढं बोलतो. शिवाय ते श्लोक एकट्यानं वाचायचे नव्हतेच. ते घराघरांतून, मठांतून, मुलांकडून मोठ्यानं म्हणून घेतले गेले. आतला शत्रू ओळखायचा, पण चारचौघांत, रोज, आणि लहानपणापासून. सायमनला तेच उमगलं होतं, पण ते सांगायला त्याला संगत मिळाली नाही. एकट्याला झालेलं ज्ञान घोळक्यापर्यंत पोहोचलं नाही, तर घोळका त्याचं काय करतो, हे गोल्डिंगनं दाखवलं. ती संगत कशी उभी करायची, याचा विचार आपल्या परंपरेनं केला. तिनंही सगळ्यांना त्या संगतीत घेतलं नाही, हे ‘फँड्री’ पाहिल्यावर मान्य करावंच लागतं.

काय उरतं

एवढं सगळं शेजारी ठेवल्यावर मला वाटतं, प्रश्नच थोडा चुकीचा विचारला गेला. माणूस मुळात रानटी की सज्जन, यावर सत्तर वर्षं वाद झाला. टोंगाची मुलं, शेरीफची मुलं, गोल्डिंगची मुलं, जब्याच्या शाळेतली मुलं यांच्याकडे एकत्र पाहिलं तर वेगळंच दिसतं. नियम नाहीसे झाल्यानं क्रौर्य येतं असं नाही. अताच्या मुलांनी नियम स्वतः घडवले. नियम असल्यानं ते थांबतं असंही नाही. बेणारेचा छळ कोर्टाच्या नियमांनीच झाला. भीती पसरलेली असावी, तिला बोट दाखवायला कुणीतरी सापडावं, आणि बाकीच्यांनी कडेला उभं राहून गप्प बसावं, एवढ्यावर क्रौर्य उभं राहतं. म्हणून कुठल्याही समाजाची परीक्षा शंख कुणाच्या हातात आहे यावर होत नाही. पिगीच्या हातात शंख असताना लोक ऐकतात का, यावर होते.

आता ती एक दुपार सांगतो. आमच्या गल्लीच्या टोकाला लोखंडाच्या कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीय मजुरांच्या खोल्या होत्या. तेही रांगेत आपले निळे कॅन लावत. एके दिवशी टँकर उशिरा आला, त्यात पाणी निम्मंच होतं. कुणीतरी म्हणालं, आधी गावच्यांना. दुसऱ्यानं तीन कॅन उचलून रांगेबाहेर ठेवले. मग पाचसहा जणांनी बाकीचे. ते मजूर पाळीवर होते. त्यांच्या खोलीतली एकच मुलगी, दहा-अकरा वर्षांची, तिथे उभी होती. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. माझा हंडा रांगेत सातवा होता, आणि त्या क्षणी तो पाचवा झाला होता.

आमच्या शेजारच्या मावशी पुढे आल्या. सत्तरीच्या, गुडघ्यांनी अधू, अक्षरओळख नसलेल्या. त्यांनी भाषण केलं नाही. एक एक कॅन उचलून जिथं होता तिथं आणून ठेवला आणि म्हणाल्या, “आज यांचा काढला, उद्या माझा काढशाल.” कुणी हरकत घेतली नाही. बहुतेकांना ते मनातून कळत होतं. पहिल्यानं म्हणायचं कुणी, एवढंच अडलं होतं. चौथा कॅन मी उचलून ठेवला. उशिराच ठेवला.

पुढे घाणेवाडीचा गाळ उपसायला गावातली माणसं एकत्र आली, तलावात पाणी साठलं. गोल्डिंगची कादंबरी मी अजूनही मुलांना वाचायला देतो, पण आता देताना सायमनच्या मृत्यूनंतरचं ते पान उघडून देतो. जॅकसारखे आपण नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. राल्फ आणि पिगी त्या रात्री कुठे उभे होते, हे मुलांनी स्वतः शोधावं, आणि मग आपण कुठे उभे असतो तेही. श्वापद आत आहे, हे गोल्डिंगचं म्हणणं मला पटतं. पण बाजूला काढलेला कॅन परत रांगेत ठेवणारा हातही कुठून बाहेरून आलेला नव्हता. तोही त्याच गल्लीतला, त्याच रांगेतला, तितकाच तहानलेला होता.